घरातले जुने कागद विद्यापीठाच्या विशेष संग्रहाला कसे द्यावेत : पात्रता, कागदपत्रे, प्रक्रिया

पंचवटी किंवा जुन्या नाशकातला वाडा पाडायला निघाला की माळ्यावरचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) खाली येतात आणि निर्णय घाईत होतो. मानपत्र जपून ठेवले जाते, पेढीच्या खतावण्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, रद्दीत जातात. विद्यापीठ ग्रंथालयाच्या विशेष संग्रहाला बहुधा खतावणीच जास्त हवी असते. १९३० साली सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या काळातले एखादे साधे घरगुती पत्रही मोलाचे ठरते. छापील पुस्तके आणि वर्तमानपत्रांची कात्रणे मात्र सहसा घेतली जात नाहीत.

कोण देऊ शकतो

कागदांचा मालक. मूळ व्यक्ती हयात नसेल तर सर्व वारसांची संमती लागते. एका भावाने परस्पर देऊन टाकले आणि वर्षभराने बहिणीने हरकत घेतली, की तो संग्रह वाचकांसाठी बंदच पडून राहतो. त्यामुळे लग्न होऊन गेलेल्या मुलींचीही ना-हरकतपत्रे आधीच घ्यावीत. न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र येणी आणि रोख्यांसाठी असते, इथे त्याची सहसा गरज पडत नाही.

पाटील-कुलकर्ण्यांच्या घरात गावचे दप्तर राहून गेलेले असू शकते. ते सरकारी अभिलेख आहेत, खाजगी देणगीत धरता येत नाहीत. त्यांची यादी वेगळी करून आधी जिल्हाधिकारी कचेरीत विचारावे. जुनी सचित्र पोथी असेल तर १९७२च्या पुरावशेष कायद्याखालचे नोंदणीपत्र जोडावे आणि मालकी बदलल्याचे नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे.

जोडायची कागदपत्रे

दात्याचे ओळखपत्र, मूळ व्यक्तीचा मृत्यूदाखला, मृत्युपत्र असल्यास त्याची प्रत, वारसांची ना-हरकतपत्रे, कागदांची यादी आणि त्या व्यक्तीची एक पानी माहिती. नमुना अर्ज प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा असतो, तो ग्रंथालयातून आधी मागून घ्यावा.

यादी आणि बांधणी

सर्वाधिक नुकसान इथे होते, आणि तेही चांगल्या हेतूने. कागद तारखेप्रमाणे लावू नका. रुमाल जसा बांधला होता तसाच ठेवून त्याला क्रमांक द्या. कोणता कागद कोणाशेजारी होता हीसुद्धा माहिती असते. यादीत रुमाल क्रमांक, अंदाजे पाने, लिपी (मोडी की बाळबोध, म्हणजे देवनागरी), तारखा आणि अवस्था एवढे पुरे. तारीख कागदावर आहे तशीच उतरवावी. शके १८५२ म्हणजे इसवी १९३०-३१. पण तेच फसली (महसुलाच्या जुन्या कालगणनेत) १३४० असे लिहिलेले असू शकते, आणि रूपांतर करताना एक वर्ष सहज चुकते.

लॅमिनेशन, सेलोटेप, डांबर गोळ्या, उन्हात वाळवणे, सगळे टाळा. कसर किंवा वाळवी जिवंत दिसली तर तो रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा बंद करून ग्रंथालयाला आधी कळवा, नाहीतर शेजारच्या कपाटातही लागण होते. फोटोतली माणसे ओळखणारे कोणी घरात असेल तर नावे चिठ्ठीवर लिहून फोटोसोबत ठेवा. फोटोच्या पाठीवर बॉलपेन चालवू नका.

मूळ कागद द्यायचे नसतील तर स्कॅन देण्याची सोय आहे का ते विचारावे. फोनवरचे स्कॅनिंग ॲप कडा कापते आणि रंग काढून टाकते, त्यात समासातला शिक्का आणि पाठीवरचा शेरा जातो. किमान ३०० डीपीआय, रंगीत, दोन्ही बाजू.

देणगीपत्र

पत्र आणि ८-१० नमुना छायाचित्रे पाठवली की ग्रंथालयाचे लोक पाहणी करतात. मग निवड होते आणि शेवटी देणगीपत्र. जंगम वस्तूची देणगी ताबा देऊनही पूर्ण होते, नोंदणी सक्तीची नाही. मात्र दाता हयात असतानाच संस्थेने ती स्वीकारलेली असावी लागते. दाता वयस्कर असेल तर 'सही नंतर करू' असे चालवून घेऊ नये.

कागदाची मालकी आणि त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजोबांना आलेले पत्र तुमच्या मालकीचे, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. तो तुम्हाला देताच येत नाही. आजोबांच्या स्वतःच्या लेखनाचा हक्क वारसा म्हणून तुमच्याकडे असेल आणि तो द्यायचा असेल, तर ते लेखी हवे आणि मुदतही लिहिलेली हवी. मुदत नसेल तर कायदा ती ५ वर्षेच धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतीच.

खाजगी पत्रांवर ठरावीक वर्षांची वाचनबंदी मागता येते. 'कायमची' अशी अट घातली तर बरेच ग्रंथपाल नकार देतील, आणि ते बरोबरच आहे. आजारपणाचे कागद, पासबुके वेगळ्या पाकिटात, वर 'बंद' असे लिहून द्यावीत.

कागद हाती देताना रुमालनिहाय पोच घ्या आणि दाखल क्रमांक (संग्रहातला नोंदणी क्रमांक) मिळाला की तो पोचेवरच लिहून ठेवा. पुढे एखादा अभ्यासक मजकूर छापायची परवानगी मागतो तेव्हा ग्रंथालय देणगीपत्रावरच्या पत्त्यावरच पत्र पाठवते. घर बदलले तर नवा पत्ता दाखल क्रमांकासह कळवावा.