होल्डिंग

होल्डिंग : आयर्लंडच्या पश्चिम कॉर्कमधील डूनीन या काल्पनिक खेड्यात घडणारी चार भागांची गुन्हेमालिका. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर १४ मार्च २०२२ पासून प्रक्षेपित. आधार आयरिश दूरचित्रवाणी सूत्रसंचालक ग्रॅहम नॉर्टन यांची त्याच नावाची पहिली कादंबरी (२०१६). दिग्दर्शन कॅथी बर्क.

घरबांधणीसाठी शेतजमीन खोदताना मानवी हाडे सापडतात. ती वीसेक वर्षांपूर्वी परागंदा झालेल्या टॉमी बर्कचीच, असे गाव धरून चालते. सार्जंट पी. जे. कॉलिन्सने (कॉनलेथ हिल) एवढा गंभीर गुन्हा कधी हाताळलेला नाही. टॉमीशी लग्न ठरलेली ब्रीड रिअर्डन (शिवॉन मॅक्स्वीनी) आणि त्याच्यावर जीव जडलेली एव्हलिन रॉस (शार्लीन मॅकेन्ना) या दोघींवर संशयाची सुई फिरते. ऑस्करविजेत्या ब्रेंडा फ्रिकर यांचीही भूमिका आहे.

ग्रामीण आयर्लंडमध्ये ‘होल्डिंग’ म्हणजे एका शेतकऱ्याच्या ताब्यातील जमीन. एकोणिसाव्या शतकातील ग्रिफिथ मूल्यांकनाच्या (करासाठी केलेली आयर्लंडमधील जमीन-घरांची आकारणी, १८४७–६४) नोंदी अशा जमीनधारणांवरच बेतल्या आहेत. धरून ठेवणे, मनात दाबणे हा दुसरा अर्थ कथेला अधिक लागू पडत असला, तरी हाडे शेतातच निघतात. म्हणून पहिला अर्थ गौण मानू नये. ‘डूनीन’ हे नाव बहुधा ‘दून’ (कोट, गढी) या आयरिश शब्दाच्या लघुत्वदर्शक रूपावरून आले असावे. क्लोनाकिल्टीजवळ या नावाचा समुद्रकिनारा आहे आणि लेखकाचे बालपण कॉर्कमधल्याच बँडनमध्ये गेले. तरीही कथेतले गाव नकाशावर शोधण्यात अर्थ नाही. चित्रीकरण पश्चिम कॉर्कमध्येच झाले.

खेड्यातला सार्जंट हा गार्डा (आयरिश पोलीस; अनेकवचन गार्डी) दलातील शिपायाच्या वरचा व इन्स्पेक्टरच्या खालचा अधिकारी. गणवेशातील गार्डी सहसा निःशस्त्र असतात. खुनाचा तपास असा सार्जंट एकटा करीत नाही. कथेत कॉर्कहून गुन्हे तपास अधिकारी (डिटेक्टिव्ह) लायनस डन येतो, ते वास्तवाला धरूनच आहे.

प्रत्यक्षात अशी हाडे निघाल्यावर पहिले काम यंत्र थांबवणे, दुसरे दोर बांधून आत जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवणे. मग प्रश्न क्रमाने येतात : हाडे माणसाची की जनावराची? जुनी की अलीकडची? पुरातन अवशेष असल्यास प्रकरण पुरातत्त्वाकडे जाते. अलीकडच्या मृत्यूची खबर १९६२ च्या कायद्यानुसार कॉरोनरला (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) द्यावी लागते. खोदकाम यंत्राच्या बादलीमुळे गफलत होऊ शकते. तिने मोडलेल्या हाडाची कड फिकट, पांढुरकी दिसते, तर पूर्वीच मोडलेल्या हाडाची कड मातीच्या रंगाची झालेली असते. हा फरक न ओळखल्यास यंत्राचा घाव मारेकऱ्याच्या नावावर चढतो. सांगाड्याचे लिंग मुख्यत्वे कटिअस्थीवरून आणि उंची मांडीच्या हाडावरून ठरवतात. गळपट्टीच्या हाडाचे छातीकडील टोक साधारणतः विशीच्या अखेरीस सांधले जाते. ते सुटे असेल तर व्यक्ती तरुण होती. पश्चिम कॉर्कची माती बव्हंशी तांबड्या वालुकाश्मापासून बनलेली, आम्लधर्मी. तिच्यात हाडे लवकर विरतात. त्यामुळे तेथे पुष्कळदा दातांवरच भिस्त ठेवावी लागते. आयर्लंडची डीएनए माहितीपेढी नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झाली. त्याआधी बेपत्ता झालेल्या माणसाचा नमुना तीत असण्याची शक्यता कमीच. ओळख पटवण्यासाठी जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाचा नमुना घ्यावा लागतो.