स्तनांचे सामान्य तापमान आणि उष्णताचित्रण

स्त्रीच्या स्तनांच्या त्वचेतून सतत बाहेर पडणारे अवरक्त (इन्फ्रारेड) प्रारण विशिष्ट कॅमेऱ्याने टिपून त्वचेच्या तापमानाचा नकाशा तयार करण्याच्या पद्धतीला स्तनांचे उष्णताचित्रण किंवा थर्मोग्राफी म्हणतात. तिची चर्चा बहुधा कर्करोगाच्या निदानासंदर्भात होते. पण निरोगी स्तनाचे तापमान कसे असते आणि ते कशाकशाने बदलते, हे नीट कळल्याशिवाय बिघाड ओळखता येत नाही. या पद्धतीच्या इतिहासातील काही घोळ याच प्रश्नाकडे झालेल्या दुर्लक्षातून निर्माण झाले आहेत.

मानवी त्वचा अवरक्त प्रारण फार चांगले उत्सर्जित करते. तिची उत्सर्जकता, म्हणजे प्रारण सोडण्याची क्षमता, कमाल १ धरल्यास सुमारे ०.९८ असून त्वचेच्या रंगाने तिच्यात जवळपास फरक पडत नाही. त्यामुळे गोऱ्या आणि सावळ्या कातडीचे तापमान सारख्याच विश्वासाने मोजता येते. या प्रारणाचा जोर ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो. कॅमेरा शरीरावर कोणतेही किरण सोडत नाही, स्तन दाबावा लागत नाही, स्पर्शही होत नाही. मात्र कॅमेऱ्याला फक्त पृष्ठभाग दिसतो. आतली उष्णता रक्तावाटे आणि ऊतींमधून झिरपत त्वचेपर्यंत पोहोचते, आणि स्तनातील चरबी उष्णतेची मंद वाहक असल्याने खोलवरच्या घडामोडी पृष्ठभागावर पुसट होऊन उमटतात.

थंडगार खोलीत विसावलेल्या निरोगी स्त्रीच्या स्तनांची त्वचा साधारणपणे ३० ते ३४ अंश सेल्सियस असते, म्हणजे शरीराच्या आतील ३७ अंशांपेक्षा बरीच थंड. हे तापमान सगळीकडे सारखे नसते. स्तनाखालची घडी आणि काखेकडची बाजू उबदार असते, पुढे आलेला भाग थंड असतो आणि स्तनाग्राभोवतीचे वर्तुळ अनेकींमध्ये आणखी थंड दिसते. कातडीलगतच्या शिरा उबदार रेषांसारख्या उमटतात. काहींच्या चित्रात या रेषा जवळपास नसतात, तर काहींच्या चित्रात त्यांचे दाट जाळे असते, आणि दोन्ही प्रकार सामान्यच आहेत. प्रचलित पाच स्तरांच्या वर्गीकरणातही पहिला स्तर शिरा न दिसणाऱ्या आणि दुसरा शिरा दिसणाऱ्या निरोगी स्तनांचा आहे.

म्हणून ‘सामान्य’ म्हणजे एखादा ठरावीक आकडा नव्हे. एकाच स्त्रीचे डावे आणि उजवे स्तन परस्परांशी ताडून पाहणे, हीच खरी कसोटी. निरोगी स्तनांतील समान जागांमधला फरक बहुधा अर्ध्या अंशाच्या आत राहतो. एक अंशाहून अधिक फरक आढळला तर पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे. पण अगदी हुबेहूब साम्याचीही अपेक्षा धरू नये, कारण कित्येक निरोगी स्त्रियांमध्ये दोन स्तनांचा आकार आणि शिरांची ठेवण वेगळी असते.

एकाच स्त्रीचे तापमानही स्थिर नसते. बीजमोचनानंतर, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडल्यानंतर, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शरीराचे तापमान सुमारे ०.३ ते ०.५ अंशाने वाढते. याच काळात स्तनांतला रक्तप्रवाहही वाढतो आणि पाळीच्या आधी स्तन जड, हुळहुळे होतात. म्हणून शक्यतो पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत चित्र घेतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना स्तन उबदार असतात. दूध साकळले किंवा स्तनदाह झाला तर एका बाजूचे तापमान ठळकपणे चढते, आणि त्याचा कर्करोगाशी काही संबंध नसतो. रजोनिवृत्तीनंतर ग्रंथींची जागा चरबी घेते व पृष्ठभाग थंडावतो. या साऱ्याची नोंद नसलेले चित्र वाचणे मला धोक्याचे वाटते.

चित्रणाची तयारी म्हणूनच यंत्राइतकीच महत्त्वाची ठरते. खोली सुमारे २० ते २४ अंशांवर स्थिर ठेवतात. पंख्याचा किंवा एसीचा झोत अंगावर येऊ देत नाहीत. कमरेपर्यंतचे कपडे काढून, हात शरीरापासून दूर ठेवून १० ते १५ मिनिटे बसावे लागते. त्या दिवशी तेल, पावडर, डिओडरंट लावू नये; चहा-कॉफी, धूम्रपान आणि व्यायाम त्याआधी टाळावा. ही बैठक स्त्रीला संकोचाची वाटू शकते, त्यामुळे तंत्रज्ञ स्त्री असणे आणि आडोसा असणे ही सोय नव्हे, गरज आहे. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हातून चालत आलेल्या बाईला १५ मिनिटे पुरतीलच असे नाही. घाम आला की त्वचा गार होते आणि मोजमाप फसते.

कॅनडातील माँट्रियलचे शल्यचिकित्सक रे लॉसन यांनी १९५६ साली स्तनाच्या कर्करोगावरील त्वचा आजूबाजूपेक्षा उबदार असते, असे प्रसिद्ध केले आणि मोठ्या आशा पल्लवित झाल्या. गाठीभोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि तिचा चयापचय वाढलेला असतो, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. पण अमेरिकेत १९७३ पासून सुमारे २,८०,००० स्त्रियांवर राबवलेल्या स्तनकर्करोगाच्या शोधमोहिमेत थर्मोग्राफीने कर्करोगाच्या बऱ्याच गाठी चुकवल्या आणि ती मोहिमेतून वगळावी लागली. लहान किंवा खोलवरची गाठ पृष्ठभाग तापवतेच असे नाही, आणि तापलेला पृष्ठभाग म्हणजे गाठच असेही नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८२ मध्ये तिला केवळ पूरक साधन म्हणून मान्यता दिली. ती मॅमोग्राफीची (स्तनांच्या क्ष-किरण तपासणीची) जागा घेऊ शकत नाही, असे त्याने पुढे वारंवार बजावले आहे.

आजचे कॅमेरे अंशाच्या काही शतांशांचा फरक टिपतात. ब्राझीलच्या फ्लुमिनेन्स संघीय विद्यापीठाने स्तनांच्या उष्णताचित्रांचा संग्रह संशोधकांना खुला केला आहे. त्यात पंख्याने थंड केलेली त्वचा पुन्हा कशी उबदार होते, याच्या चित्रमालिका आहेत. भारतात बंगळुरूच्या निरामई (Niramai) या कंपनीने २०१६ पासून संगणकीय विश्लेषणावर आधारित पद्धत विकसित केली आहे. मात्र थर्मोग्राफीमुळे मृत्यू कमी होतात हे दाखवणारी मोठी यादृच्छिक चाचणी (जिच्यात स्त्रियांची गटवारी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली जाते) आजवर झालेली नाही. याउलट मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे १,५१,००० स्त्रियांवर केलेल्या चाचणीत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे ५० वर्षांवरील स्त्रियांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटलेले आढळले. म्हणून गाठ हाताला लागली, त्वचेवर खड्डा पडला किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर उष्णताचित्र कितीही सामान्य असले तरी मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईची तपासणी करून घ्यावीच लागते.