पगार घेत पदवी: ट्रान्सपोर्ट प्लॅनिंगची डिग्री अप्रेंटिसशिप

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी पालकांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या मुलामुलींसाठी

आम्ही दोघं डिग्री अप्रेंटिसशिपच्या अर्जांची तयारी करून घेतो. ‘अप्रेंटिस’ हा शब्द उच्चारला की आमच्याकडे आलेल्या बहुतेक आईबाबांच्या डोळ्यांपुढे आयटीआय, ग्रीसचे डाग पडलेला निळा शर्ट आणि एसटीचं वर्कशॉप उभं राहतं. एका काकांनी तर खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "पोराला ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, दोन ए मिळालेत हो, आणि तुम्ही त्याला उमेदवारीला लावा म्हणता?" उमेदवारीत कमीपणा काहीच नाही, पण काकांची चूक वेगळीच होती. डिग्री अप्रेंटिसशिपमध्ये मुलगा विद्यापीठात शिकतो, पदवीही पूर्ण घेतो. फक्त तो तिथे पोहोचतो नोकरीच्या दारातून. ही ऍडमिशन नाही, नोकरी आहे. या पत्रकातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा, कारण आमच्याकडे येणारे दहातले आठ गोंधळ इथेच झालेले असतात.

हा प्रकार नेमका काय आहे

इंग्लंडमध्ये डिग्री अप्रेंटिसशिप २०१५ पासून सुरू आहेत. मुलगी पहिल्या दिवसापासून कंपनीची किंवा काउन्सिलची (स्थानिक पालिकेची) नोकरदार असते. तिला करारपत्र, पगार, भरपगारी रजा, पेन्शन सगळं मिळतं. कामाच्या वेळेतलाच ठरलेला वेळ शिक्षणाला मिळतो. कुठे आठवड्यातला एक दिवस, तर कुठे दर काही महिन्यांनी सलग एखादा आठवडा विद्यापीठात. साधारण चार-पाच वर्षांत पदवी हातात येते.

फी कोण भरतं? ज्या कंपन्यांचा पगारखर्च वर्षाला ३० लाख पौंडांच्या वर जातो, त्यांना वरच्या रकमेवर ०.५ टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही नावाचा कर भरावा लागतो. एप्रिल २०१७ पासून हा नियम आहे. शिक्षणाचा खर्च त्यातून निघतो, आणि मुदतीत वापरला नाही तर तो पैसा कंपनीच्या हातून जातो. म्हणून मोठ्या कंपन्यांना अप्रेंटिस हवेच असतात. छोट्या कंपन्यांच्या बाबतीत बहुतेक किंवा सगळा भार सरकार उचलतं. मुलाकडून फीची एक पेनीही मागता येत नाही, त्याने मध्येच सोडलं तरीही नाही. शंका वाटली तर करार सही करण्याआधी आम्हाला दाखवा.

तुलनेसाठी एक आकडा. २०२५-२६ मध्ये इंग्लंडमधल्या विद्यापीठाची वर्षाची फी ९,५३५ पौंडांपर्यंत आहे. त्याच दराने तीन वर्षांचे २८,६०५ पौंड झाले, राहणं-खाणं वेगळं.

ट्रान्सपोर्ट प्लॅनर करतो काय

‘सिग्नल बसवतो का?’ हा नेहमीचा प्रश्न. नाही. सिग्नल हवा की गोल चक्कर, मुळात तिथे गाड्या येतील किती, आणि त्या येऊ नयेत म्हणून बस कुठून न्यायची, हे आधी ठरवणारा तो प्लॅनर.

एक उदाहरण घ्या. गावाबाहेरच्या शेतावर एका बिल्डरला २०० घरं बांधायची आहेत. काउन्सिल विचारते, सकाळी आठ ते नऊ या तासात तुमच्या वसाहतीतून किती गाड्या बाहेर पडतील? उत्तर हवेतून येत नाही. ट्रिक्स नावाचा मोठा माहितीसाठा आहे. त्यात देशभरातल्या अशाच वसाहती, दुकानं, शाळा यांच्या दारात प्रत्यक्ष मोजलेल्या फेऱ्या असतात. त्यातून आपल्यासारख्या जागा निवडायच्या, घरटी फेऱ्या काढायच्या, त्या आसपासच्या रस्त्यांवर वाटायच्या आणि मग प्रत्येक जंक्शन कॉम्प्युटरवर तपासायचं. गोल चक्करात येणारी वाहतूक आणि त्याची क्षमता यांचं गुणोत्तर ०.८५ च्या वर गेलं की प्लॅनरच्या कपाळाला आठी पडते. तिथून पुढे रांग नुसती वाढत नाही, उड्या मारत वाढते.

या हिशेबात सगळ्या वाहनांना सारखा आकडाही देत नाहीत. कार १ धरली तर बस २, मोठा ट्रक २.३, मोटारसायकल ०.४ आणि सायकल ०.२. पुण्यात वाढलेल्या एका बाबांनी हे ऐकून हसत विचारलं, "आमच्या लक्ष्मी रोडला कोणता आकडा लावाल?" प्रश्न चांगला आहे. तिथे वाहनं लेनमध्ये चालत नाहीत, म्हणून इथले आकडे तिथे तसेच्या तसे चालणार नाहीत, भारतासाठी वेगळे धरावे लागतात.

पण हे काम फक्त खुर्चीतलं नाही, आणि आम्ही मुलांना हे आवर्जून सांगतो. लंडनमध्ये नवीन फ्लॅट बांधायचे असले की रस्त्यावर रात्री पार्किंगला जागा उरते का, हे मोजावं लागतं. त्याची रूढ पद्धत लॅम्बेथ काउन्सिलच्या नावाने ओळखली जाते. सोमवार ते गुरुवार यांतल्या दोन वेगवेगळ्या रात्री, साडेबारा ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान, जागेपासून २०० मीटर चालत जाता येईल त्या प्रत्येक रस्त्यावर उभ्या गाड्या मोजायच्या. ही वेळ का, तर त्या वेळी सगळे घरी असतात. आमच्या दोघांपैकी एकाने एका कन्सल्टन्सीत असताना ही मोजणी पुष्कळ केली आहे. नोव्हेंबरचा पाऊस, हातात क्लिपबोर्ड, बोटं गारठलेली, आणि पडद्याआडून बघणाऱ्या आजी "काय हवंय?" म्हणून ओरडतायत. दोनदा पोलिसांनी हटकलं. अंगावर पिवळं जॅकेट आणि खिशात ऑफिसचं पत्र असलं की सुटका होते. काम मात्र त्याला आवडायचं. रात्री दोनला रस्ता जसा खरा दिसतो तसा दिवसा दिसत नाही, असं तो अजून म्हणतो.

सध्या या कामाला मागणी आहे त्यामागे बसचाही हात आहे. लंडनबाहेरच्या बस १९८६ मध्ये खुल्या बाजारात सोडल्या गेल्या. कंपनीला परवडेल तो मार्ग चालू, बाकी बंद. ग्रेटर मँचेस्टरने ५ जानेवारी २०२५ ला आपल्या सगळ्या बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या, पिवळ्या रंगाच्या बी नेटवर्कमध्ये. इतर शहरंही त्या वाटेवर आहेत. मार्ग, वेळापत्रक आणि तिकीटदर सार्वजनिक संस्थेने ठरवायचे म्हटलं की ते ठरवणारी माणसं लागतात.

अर्ज कुणाकडे करायचा

इथेच मुलं चुकतात. यूकॅसचा (विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक यंत्रणेचा) फॉर्म भरून विद्यापीठाच्या पत्राची वाट बघत बसतात. डिग्री अप्रेंटिसशिपला आधी मालक शोधायचा. त्याने नेमलं की विद्यापीठ बहुतेक वेळा तोच सांगतो, ठरलेलं असतं. मालक म्हणजे काउन्सिल, मोठ्या इंजिनिअरिंग कन्सल्टन्सी, आणि टीएफएल (लंडनची वाहतूक संस्था) किंवा नॅशनल हायवेज (इंग्लंडचे महामार्ग सांभाळणारी) यांसारख्या संस्था. जाहिराती सरकारच्या अप्रेंटिसशिप शोधण्याच्या संकेतस्थळावर आणि कंपन्यांच्या करिअरच्या पानांवर येतात. मोठ्या कन्सल्टन्सीच्या जाहिराती शरद ऋतूपासूनच दिसू लागतात, काउन्सिलच्या कधीही येतात. यूकॅसचा फॉर्मही भरून ठेवा, दोन्ही दोर हातात राहू द्या.

‘ट्रान्सपोर्ट प्लॅनर’ नावाच्याच जागा मोजक्या असतात, म्हणून शेजारची दारंही ठोठावा. लेव्हल ३ ची ट्रान्सपोर्ट प्लॅनिंग टेक्निशियन अप्रेंटिसशिप ए-लेव्हलच्या तोडीची आहे आणि जीसीएसईनंतर, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेनंतर, करता येते. सिव्हिल इंजिनिअरची डिग्री अप्रेंटिसशिप करून पुढे वाहतुकीकडे वळलेले पुष्कळ आहेत. चार्टर्ड टाउन प्लॅनरची (नगररचनाकाराची) मात्र लेव्हल ७, म्हणजे मास्टर्सच्या तोडीची आहे, आणि जानेवारी २०२६ पासून लेव्हल ७ ला सरकारी पैसा, मोजके अपवाद सोडले तर, २१ वर्षांपर्यंतच्यांनाच मिळतो.

गणित आणि इंग्रजीची जीसीएसई बहुतेक सगळेच मागतात. ए-लेव्हलला गणित किंवा भूगोल असला तर उत्तम, बीटेकही (BTEC, इथला शालेय वयातला व्यावसायिक अभ्यासक्रम, भारतातली बी.टेक. पदवी नव्हे) चालतं. मार्कांपेक्षा मुलाखत अवघड. गेल्या वर्षी एक मुलगी आली होती. तिच्या अर्जातलं पहिलं वाक्य होतं, मला लहानपणापासून प्रवासाची आवड आहे. आम्ही ते खोडलं. तिला म्हटलं, तीन सकाळी शाळेच्या बसस्टॉपवर वही घेऊन उभी राहा आणि जे दिसेल ते लिही. तिसऱ्या दिवशी ती आली ती खुशीतच. मुलं झेब्रा क्रॉसिंगवरून जातच नव्हती. बसमधून उतरून चाळीस पावलं पुढे, जिथे शाळेचं छोटं फाटक उघडतं, तिथून रस्ता ओलांडत होती. तिथल्या गवतावर पायवाटही पडली होती. तिने मोजलं होतं, किती मुलं इकडून, किती तिकडून, दर पंधरा मिनिटांना. मुलाखतीतला अर्धा वेळ त्या पायवाटेवरच गेला. तिला जागा मिळाली.

पात्रता, आणि पुण्याच्या भाच्याचा प्रश्न

दर आठवड्याला एक तरी फोन येतो, "भाचा पुण्यात सिव्हिल करतोय, त्याला ही अप्रेंटिसशिप लावून द्या." होत नाही. भारतातून थेट या वाटेने येता येत नाही, आणि स्टुडंट व्हिसावर असलेल्यालाही ही दारं बंद आहेत. कुणी ‘व्हिसासकट अप्रेंटिसशिप’ विकत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. भाच्यासाठी सरळ रस्ता म्हणजे तिथली पदवी पूर्ण करून मास्टर्स. त्याला भारतातच दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर किंवा अहमदाबादचं सेप्ट आहे. इकडेच यायचं असेल तर लीड्स विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेसारख्या ठिकाणी स्वतःच्या खर्चाने.

इथे राहणाऱ्या मुलांसाठी साधारण चित्र असं. वय १६ पूर्ण, इंग्लंडमध्ये काम करायचा हक्क, आणि कामाचा निम्मा तरी वेळ इंग्लंडमध्ये. ब्रिटिश पासपोर्ट नसला आणि आई किंवा बाबा वर्क व्हिसावर असले, तर मूल शिक्षणाच्या नव्हे अशा व्हिसावर अप्रेंटिसशिपच्या पहिल्या दिवसाआधी सलग तीन वर्षं यूकेमध्ये राहिलेलं असावं लागतं. व्हिसाची किती मुदत उरली आहे हेही मालक बघतो. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, तिकडच्यांनी आधी फोन करा.

पैशाचं थोडं

अप्रेंटिसचा किमान दर एप्रिल २०२६ पासून ताशी ८ पौंड आहे. तो १९ वर्षांखालच्यांना, किंवा त्याहून मोठ्यांना फक्त पहिल्या वर्षी लागू होतो. नंतर वयाप्रमाणे, म्हणजे २० वर्षांपर्यंत १०.८५ आणि २१ पासून १२.७१ पौंड. कन्सल्टन्सी सहसा किमान दरावर थांबत नाहीत. दोन गोष्टी मात्र घरच्यांना उशिरा कळतात. एक, अप्रेंटिसशिप सुरू झाली की त्या मुलाचा चाइल्ड बेनिफिट (पालकांना मिळणारा सरकारी भत्ता) बंद होतो. दोन, स्टुडंट लोन मिळत नाही, त्यामुळे दुसऱ्या शहरात नोकरी लागली तर भाडं पगारातूनच. लंडनमध्ये राहणाऱ्यांना पहिल्या वर्षासाठी अप्रेंटिस ऑयस्टर कार्डावर ट्रॅव्हलकार्डात सूट मिळते, ती विसरू नका.

कुणाला जमणार नाही

जे मूल मित्रांबरोबर हॉस्टेलमध्ये राहायची स्वप्नं बघतंय, त्याला यात ढकलू नका. शनिवार-रविवारी असाइनमेंट, सोमवारी सकाळी ऑफिस, आणि शाळेतले मित्र फ्रेशर्स वीकचे फोटो टाकतायत. पहिल्या वर्षीचा डिसेंबर सगळ्यांनाच जड जातो. आणि वाहतुकीत रस नसताना केवळ फी वाचते म्हणून आलेली मुलं मध्येच सोडतात, असा आमचा अनुभव आहे. आम्ही दोन मुलांना स्वतःहून ‘तू नेहमीच्या विद्यापीठात जा’ म्हणून परत पाठवलं आहे.

आमचं काम आणि आमची फी

आम्ही नोकरी लावून देत नाही. नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं या देशात १९७३ च्या कायद्याने बंद आहे, कुणी मागितले तर देऊ नका. आम्ही अर्ज वाचतो, मुलाखतीची तयारी करून घेतो आणि कराराची भाषा मराठीत समजावून सांगतो. पहिली अर्ध्या तासाची भेट मोफत, त्यानंतर तासाचे ३५ पौंड. कुठल्याही कंपनीकडून आम्हाला कमिशन मिळत नाही.

पहिल्या भेटीला जीसीएसईचा निकाल, पासपोर्ट किंवा ई-व्हिसाची प्रिंट, आणि घराजवळच्या एका जंक्शनवर सकाळी पंधरा मिनिटं मोजलेल्या वाहनांचा कागद घेऊन या. कार, बस, सायकल, चालणारी माणसं, वेगवेगळी मोजलेली. मोजणी मुलाने किंवा मुलीने स्वतः केलेली हवी. बाबांनी गाडीत बसून मोजलेली आम्हाला लगेच ओळखू येते, त्यात सायकली नसतात.