मदरबोर्डची किंमत आणि सोलापूरचं ऊन

भाचा चादरींची डिझाइनं करतो. जेकार्ड मागावर ताण्याचा कोणता धागा उचलायचा हे पूर्वी पुठ्ठ्यावरच्या भोकांवरून ठरायचं, आता तो नक्षी कॉम्प्युटरवर बसवतो. जुनं मशीन थकलं म्हणून नवं जोडायला आम्ही सोलापूरच्या नवी पेठेत गेलो. दुकानदाराने काउंटरवर दोन खोकी ठेवली. दोन्हींत मदरबोर्ड, म्हणजे प्रोसेसर, रॅम सगळं जिच्यावर बसतं ती पाटी. एक सात हजारांचा, दुसरा बावीस हजारांचा.

"मामा, स्वस्तातला घेतला तर स्लो चालेल का?"

स्लो नाही चालणार. हिशेब करतो प्रोसेसर. तोच प्रोसेसर आणि तीच रॅम दोन्ही बोर्डांवर लावली, तर वेगातला फरक एरवी जाणवतही नाही. अट एकच, प्रोसेसर मागेल तेवढी वीज बोर्डाला देता आली पाहिजे. माझ्या मते मदरबोर्ड निवडताना सगळ्यात आधी पाहायची गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेली नसते.

एसएमपीएसकडून, म्हणजे कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला मात्र साधारण सव्वा व्होल्टच लागतो. व्होल्ट कमी झाले की तेवढ्याच वॅटसाठी करंट वाढतो. १२० वॅट १.२ व्होल्टवर द्यायचे म्हणजे १०० अँपिअर. घरातला दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, यावरून अंदाज यावा. हे रूपांतर करणारा भाग म्हणजे व्हीआरएम. प्रोसेसर बसतो त्या खाचेभोवती, म्हणजे सॉकेटभोवती, करड्या चौकोनी डब्या दिसतात ते चोक, शेजारच्या चपट्या काळ्या चिप म्हणजे मॉसफेट, आणि उभी नळकांडी म्हणजे कपॅसिटर. मॉसफेट १२ व्होल्टचा पुरवठा सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद करतात. त्या धक्क्यांना चोक आणि कपॅसिटर सपाट करून देतात. अशा एका संचाला फेज म्हणतात.

आता १०० अँपिअर चार फेजमध्ये वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला २५ येतात, आठांत वाटले तर साडेबारा. रोधामुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २५ चा वर्ग ६२५, गुणिले चार म्हणजे २५००. साडेबाराचा वर्ग सुमारे १५६, गुणिले आठ म्हणजे १२५०. सुटे भाग तेच असतील तर फेज दुप्पट केल्यावर ही उष्णता निम्म्यावर येते. महाग बोर्डाच्या किमतीतला खरा अर्थ मला इथे दिसतो.

आणि सोलापुरात तो जास्तच दिसतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ पर्यंत जातो, पत्र्याखालच्या खोलीत दुपारी पंखाही गरम हवाच फेकतो. २५ अंशांच्या एसी खोलीत जो व्हीआरएम ७५ अंशांवर चालतो, तोच ४० अंशांच्या खोलीत ९० च्या आसपास जाणार. फार तापला तर बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो. शिवाय द्रव असलेल्या साध्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला ढोबळमानाने निम्मं होतं. भाच्याच्या जुन्या बोर्डावर मी टॉर्च धरून पाहिलं, तर एका कपॅसिटरचं सपाट डोकं फुगलं होतं आणि खाचेतून तपकिरी खपली बाहेर आली होती. आता प्रोसेसरजवळ बहुतेक घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात, ते उष्णतेत कितीतरी जास्त टिकतात.

म्हणून आधी प्रोसेसर ठरवावा. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, रायझन ९ ७९५०एक्स २३० वॅट. दोघांचं सॉकेट एकच, एएम५. खाचेत बसतो म्हणून मोठा प्रोसेसर हलक्या बोर्डावर लावला की रखरखीत दुपारी तो बोर्ड घामाघूम होणार. उलट ७६०० साठी बावीस हजार घालणं मला पटत नाही. रंगीत दिव्यांसाठी तर एक रुपयाही नाही. वायफाय, एसएसडी बसवायचे जास्तीचे एम.२ स्लॉट, रॅमच्या चार खाचा हे ज्याला लागतं त्याने घ्यावं.

कूलरचं एक सांगितलंच पाहिजे. प्रोसेसरसोबत मिळणारा साधा कूलर हवा खाली बोर्डावर फेकतो, त्यामुळे व्हीआरएमलाही वारा लागतो. पाण्याचा कूलर लावला की तो वारा बंद होतो, मग कॅबिनेटचा पंखा हवाच.

आम्ही ७६०० घेतला आणि मधल्या किमतीचा बी६५० प्रकारचा बोर्ड, मॉसफेटवर उष्णता ओढून घेणारी ॲल्युमिनियमची जाड हीटसिंक असलेला. उरलेल्या पैशांत ३२ जीबी रॅम आणि चांगला एसएमपीएस आला. भाच्याचं घर शहराच्या पूर्व भागात आहे, शेजारी यंत्रमाग चालू असतात. सुताची बारीक पिंज हवेतून येते आणि हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते. पिंज बसली की वारा अडतो, मग फेज कितीही असोत. दर पंधरा दिवसांनी वायर काढून मऊ ब्रशने ती झाडायची, एवढं काम त्याच्याकडे दिलं आहे.