सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी परदेशप्रवास

नाक, पापण्या, स्तन किंवा पोट यांचा आकार बदलून घेण्यासाठी अथवा केशरोपणासाठी दुसऱ्या देशात जाणे, हा वैद्यकीय पर्यटनाचा एक प्रकार. केशरोपणासाठी इस्तंबूल, इतर शस्त्रक्रियांसाठी बँकॉक व सोल ही शहरे प्रसिद्ध आहेत. भारतात येणाऱ्या परदेशी रुग्णाला वैद्यकीय व्हिसा मिळतो. सोबत्याचा व्हिसा वेगळा असतो.

परतीचे तिकीट सुट्टीच्या हिशेबाने नव्हे, जखमेच्या हिशेबाने काढावे. लायपोसक्शन (चरबी शोषून काढणे) व स्तनशस्त्रक्रियेनंतर ५ ते ७ दिवस, चेहरा किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ७ ते १० दिवस विमानप्रवास टाळावा, असा सर्वसाधारण सल्ला असतो. ही किमान मुदत आहे. शस्त्रक्रियेमुळे रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते. त्यात तासन्‌तास बसून राहिल्यास पोटरीतील खोल शिरेत गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. दाबमोजे, विमानातील मधल्या वाटेलगतची जागा व अधूनमधून चालणे यांनी धोका कमी होतो, संपत नाही.

पोटाची सैल त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया (टमी टक) सर्वांत जास्त दिवस मागते. पहिला आठवडा कंबरेत वाकूनच चालावे लागते, त्यामुळे जिना चढून जावे लागेल अशी खोली निरुपयोगी. ड्रेनची (जखमेतला स्राव बाहेर काढणारी) नळी असल्यास २४ तासांतला स्राव सुमारे ३० मिलीच्या खाली आल्यावर ती काढतात. घट्ट पट्टा साधारण सहा आठवडे वापरतात. सामान उचलणेही तोवर बंद. धूम्रपान किमान चार आठवडे आधी सोडावे, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांलगतची त्वचा काळी पडून मरू शकते.

खरी अडचण घरी पोचल्यावर सुरू होते. त्वचेखाली पाणी साठणे (सेरोमा) बहुधा ड्रेन निघाल्यानंतर लक्षात येते. डोमिनिकन प्रजासत्ताकातून परतलेल्या अमेरिकी रुग्णांत आढळलेला मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस या जिवाणूचा संसर्ग आठवड्यांनी, कधी महिन्यांनी गाठींच्या रूपात दिसतो. नेहमीची प्रतिजैविके त्यावर चालत नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेचा तपशील, भुलीची नोंद, औषधांची यादी आणि इम्प्लांटचा (शरीरात बसवलेल्या कृत्रिम भागाचा) क्रमांक निघण्यापूर्वीच हातात घ्यावा, आणि गावातला कोणता सर्जन पुढे तपासेल हे जाण्याआधी ठरवावे. दुसऱ्याने केलेल्या कामात हात घालायला अनेक सर्जन नाखूश असतात. साधा प्रवासविमा अशा गुंतागुंतीचा खर्च सहसा देत नाही.