पावशा की शिक्रा? पट्ट्या सोडा, चोच बघा

एप्रिल लागला की आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा दिसतो, आणि ते चांगलंच आहे. पांगारा संपत आलेला असतो, बहाव्याला घोस लागायला सुरुवात झालेली असते, जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं जाताना अंजनीची जांभळी-निळी फुलं फांदीला चिकटून बसलेली असतात, कुडा पांढरा होतो. फुलांच्या फोटोत फारसं कुणी चुकत नाही आणि चुकलं तरी फूल हलत नाही, दुसऱ्या दिवशी जाऊन परत बघता येतं. दरवर्षी चूक होते ती एकाच पाखरात. करडी पाठ, पोटावर तांबूस आडव्या पट्ट्या, लांब पट्टेरी शेपूट, असा फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं ‘शिक्रा’, वर पन्नास जण अंगठे देतात, आणि फोटोत बसलेला असतो पावशा.

उलटंही होतं, पण कमी. बहुतेक वेळा पावशाचाच शिक्रा होतो, कारण शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी सगळ्यांना माहीत आहे. विजेच्या तारेवर, शेताच्या बांधावरच्या बाभळीवर, बेळगाव कॅम्पातल्या जुन्या झाडांवर, कुठंही दिसतो, सरडे, छोटी पाखरं, मोठे किडे धरतो, नराचा डोळा लालभडक आणि मादीचा पिवळसर नारिंगी, मादी नरापेक्षा मोठी. हे तुम्हाला माहीत आहे म्हणून शिक्र्यावर जास्त लिहीत बसत नाही.

पावशाचं गणित वेगळं आहे. तो कानाला सगळ्यांना माहीत आहे आणि डोळ्याला जवळजवळ कुणालाच नाही. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असा चढत चढत जाणारा आवाज आणि टिपेला पोचला की एकदम बंद, परत थोड्या वेळानं खालच्या पट्टीपासून सुरू, दिवसा तर ओरडतोच पण चांदण्या रात्री पण ओरडतो. मे महिन्यात आमच्याकडं धूळवाफ पेरणीची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरायची, गडबड चालू असते तेव्हा शिवारात हा आवाज नाही असा दिवस नसतो. पण ओरडणारा बसतो आंब्याच्या, फणसाच्या दाट पानात, आणि हिवाळ्यात तर तो गप्पच असतो, त्यामुळं समोर येऊन बसला तरी लोक त्याला शिक्रा म्हणून मोकळे होतात. आवाज पावशाचा, पाखरू मात्र अनोळखी, अशी अवस्था.

एक गोष्ट आधीच बाजूला काढतो, पावशा म्हणजे चातक नव्हे. चातक काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला, पावसाच्या तोंडावर येणारा. त्या दोघांत दिसण्याच्या बाबतीत गोंधळ व्हायचं कारणच नाही, फोटो एकदा बघितला की विषय संपला.

आता मुद्द्यावर येतो. पावशा शिक्र्यासारखा दिसतो तो योगायोगानं नाही. तो कोकिळेच्या कुळातला आहे, स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो. सातभाईची अंडी निळी, पावशाचं अंडंही निळंच. रूप शिकारी पाखराचं, उडणं पण तसंच, चारदोन वेळा पंख मारायचे आणि मग तरंगत जायचं. तो झाडावर आला की सातभाई, बुलबुल, अगदी खारीसुद्धा कलकलाट करतात. म्हणून मला ‘पाखरांनी गलका केला म्हणजे शिक्राच असणार’ हे वाक्य ऐकलं की वाईट वाटतं, कारण पाखरं ज्या रूपाला बिचकतात त्याच रूपाला तुम्ही पण बिचकलाय, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आणि आवाजावरून म्हणाल तर कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची इतकी छान नक्कल करतो की झाडात ‘कि-कीऽ’ ऐकू आलं आणि त्याच झाडावर करडं पाखरू दिसलं म्हणजे तो शिक्रा, हा हिशोबही धरता येत नाही.

म्हणजे ज्या खुणा नक्कल करायसाठीच आहेत त्या बघून ओळखायला गेलात तर फसणारच. पोटावरच्या पट्ट्या, पाठीचा करडा रंग, शेपटीवरचे पट्टे, आकार, हे चारही दोघांत इतकं जवळ आहे की त्यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. आकार तर दोघांचा कबुतराच्या आसपास. डोळ्याचा पिवळा रंग बघून पण ठरवू नका, शिक्र्याच्या मादीचा आणि पिल्लाचा डोळा पिवळाच असतो. पिल्लांच्या बाबतीत तर रंग आणखी फसवतो, दोघांचीही पिल्लं वरून तपकिरी आणि छातीवर आडव्या पट्ट्यांऐवजी उभ्या रेघा-ठिपके. नक्कल जिथं पोचलेली नाही तिथं बघायचं, आणि ती जागा म्हणजे तोंड. त्यातही चोच.

शिक्र्याची चोच आखूड. कपाळातून बाहेर पडते आणि लगेच खाली वळायला लागते, टोकाला आकडा. मांस फाडायसाठी आहे ती. चोचीच्या मुळाशी, वरच्या बाजूला, मेणासारखी पिवळी कातडी असते आणि नाकपुड्या त्या कातडीत असतात. पिवळं जिथं संपतं तिथून काळसर निळा आकडा सुरू होतो, मध्ये स्पष्ट हद्द.

पावशाची चोच लांबट, बारीक, जवळजवळ सरळ, टोकाला किंचित झुकलेली. तो सुरवंट खातो, केसाळ सुद्धा, आधी आतडं पिळून बाहेर काढतो आणि मग गिळतो, त्याला फाडायला आकडा लागत नाही.

इथपर्यंत सोपं वाटतं, मग लोक चुकतात कुठं? चुकतात ते पिवळ्या रंगात. पावशाच्या चोचीच्या मुळाशी पण पिवळट हिरवा रंग असतो! लांबून काढलेल्या, क्रॉप करून मोठ्या केलेल्या फोटोत चोचीचं टोक काळं आणि मूळ पिवळं एवढंच दिसतं, आणि पुस्तक वाचलेला माणूस लगेच म्हणतो, बघा पिवळं मूळ आहे, शिक्रा. मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो ह्याच उत्तराचा, कारण ते अर्धं बरोबर आहे आणि अर्धं बरोबर असल्यामुळं त्याच्यावर कुणी शंका घेत नाही.

त्यामुळं नुसतं पिवळं आहे का असं बघू नका, पिवळं कुठं आहे ते बघा. शिक्र्यात पिवळं वर असतं, चोचीच्या माथ्यावर, कपाळाला लागून. पावशात पिवळट हिरवा रंग खाली असतो, खालच्या चोचीला आणि बाजूला, आणि वरची कड काळसरच असते, ती काळी कड सरळ कपाळाच्या पिसांपर्यंत जाते. फोटो झूम करा, चोच आणि कपाळ जिथं मिळतात त्या जागेवर बोट ठेवा, वरच्या कडेला तिथं पिवळं असेल तर शिक्रा, काळसर असेल तर पावशा. एवढी एक गोष्ट नीट बघितली तर दहातले नऊ वाद संपतात असं माझं ठाम मत आहे.

दुसरी खूण डोळ्याभोवतीची. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं, ठळक, बुबुळाच्या बाहेर वेगळं उठून दिसणारं. शिक्र्याला असं उठून दिसणारं कडं नाही, त्याचा रंग डोळ्याच्या आत आहे. ह्या कड्याचा उपयोग चोचीच्या जोडीनं करायचा, एकटा नाही, कारण सकाळच्या पिवळ्या उन्हात आणि सॅच्युरेशन वाढवलेल्या फोटोत कडं नसताना पण असल्यासारखं दिसतं. एक विनंती इथंच करतो, ओळख विचारायला फोटो टाकणार असाल तर रंग न वाढवता टाका. सुंदर केलेला फोटो नंतर टाका, त्याला कुणाची हरकत नाही.

पाय दिसत असतील तर उत्तमच. पावशाची दोन बोटं पुढं आणि दोन मागं, कोकिळेच्या कुळातल्या सगळ्यांसारखी. शिक्र्याची तीन पुढं, एक मागं, आणि नख्या बाकदार, शिकारी. अडचण एवढीच की बोटं निम्म्या वेळा पानाआड किंवा फांदीच्या मागं असतात. पायाचा पिवळा रंग मात्र दोघांचाही आहे, त्याच्या नादी लागू नका.

गळ्यावरची मधली उभी रेघ ही शिक्र्याची खूण, पिल्लात चांगली दिसते, मोठ्यात फिकट, कधी कधी फोटोत येतच नाही. असली तर मदत, नसली म्हणून पावशा ठरत नाही.

बसण्याच्या पद्धतीवरून पण काही कळतं. पावशा बऱ्याच वेळा पंख थोडे खाली सोडून बसतो, आणि येऊन बसल्याबरोबर शेपूट डावी-उजवी हलवतो. पण हे डोळ्यानं बघितलेल्याला उपयोगाचं, एका स्थिर फोटोत हलणारी शेपूट दिसत नाही, म्हणून व्हिडिओ काढा, फोनवर दहा सेकंदाचा काढला तरी चालतो.

फोटो कसा काढावा ह्याबद्दल माझ्या काही ठाम आवडी आहेत. झाडाखाली उभं राहून आभाळाकडं लेन्स करून काढलेला फोटो मला आवडत नाही, एक तर पाखरू काळं पडतं आणि दुसरं म्हणजे खालून दिसतं ते पोट, म्हणजे नेमकी फसवणारी बाजू. जरा लांब सरका, चढावर जागा असेल तर तिथं जा. राजहंसगडाच्या किंवा वैजनाथच्या उतारावर झाडांचे शेंडे तुमच्या डोळ्याच्या पातळीला येतात, तिथं तोंड बाजूनं मिळतं. समोरून काढलेला चेहरा टाळा, समोरून चोचीचा आकडाही दिसत नाही आणि लांबीही कळत नाही. बाजूनं, फोकस डोळ्यावर, आणि पाखरू मान वळवेपर्यंत थांबा. आभाळ मागं असेल तर एक्सपोजर थोडं वाढवा, आभाळ पांढरं झालं तर होऊ दे, चोचीची कड दिसली पाहिजे. ऊन चढलं की आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये हवा थरथरायला लागते आणि कितीही भारी लेन्स असली तरी लांबचा फोटो मऊ येतो, म्हणून आठच्या आत काम उरका किंवा वळवाचा पाऊस होऊन गेल्यावरची संध्याकाळ धरा, त्या उजेडाला तोड नाही.

फुललेल्या झाडावर पाखरू मिळावं असं सगळ्यांना वाटतं आणि ते बरोबरच आहे. मार्चात पांगाऱ्यावर, काटेसावरीवर मैना, बुलबुल, शिंजीर मधासाठी गोळा होतात आणि ती गर्दी बघून शिक्रा जवळपास टपून असणं साहजिक आहे. पावशाला मधाशी काही देणंघेणं नाही, तो तिथं आला तर पानांवरच्या अळीसाठी किंवा नुसता बसायला. पण म्हणून ‘लाल फुलांवर बसलाय म्हणजे शिक्रा’ असं करू नका, फांदी कुणाच्या नावावर नसते, शेवटी चोचच बघायची.

पाखरं ओळखायच्या ॲपबद्दल पण बोलतो. मर्लिन चांगलं आहे, मी वापरतो, नवीन माणसाला शिकायला फार उपयोगी. पण ते नाव सुचवतं, निकाल देत नाही. धूसर फोटो दिलात तर त्याला पण रंग आणि पट्ट्याच दिसणार. ‘ॲपनं सांगितलं’ हे उत्तर नव्हे, फोटोत काय दिसलं म्हणून तुम्ही ते नाव मान्य केलं ते सांगा.

पश्चिमेकडं, भीमगड अभयारण्याच्या बाजूच्या किंवा चोर्ल्याच्या दाट जंगलात तिसरा एक येतो, बेसरा. तोही शिक्र्याच्या कुळातला, म्हणजे चोचीला आकडा आहे, मुळाशी वरच्या बाजूला पिवळं आहे, पण गळ्यावरची रेघ चांगली जाड आणि काळी, मोठा झाल्यावरसुद्धा. बेळगाव शहरातल्या बागेत किंवा अथणी-गोकाककडल्या माळावर दिसलेल्या पाखराला बेसरा म्हणायची घाई नको. तिथं प्रश्न पावशा की शिक्रा एवढाच असतो.

तोंड दिसतच नसेल, पाठमोरा असेल, पानात अर्धा असेल, तर मी नाव लावत नाही आणि कुणी लावलेलं मान्यही करत नाही. ‘पावशा किंवा शिक्रा’ एवढं लिहायचं आणि पुढं जायचं. नोंदी कुठं देत असाल तर चुकीच्या नावापेक्षा ही अर्धी नोंद बरी, कारण पावशा हिवाळ्यात गप्प असल्यामुळं त्याच्या त्या दिवसातल्या नोंदी आधीच कमी, त्यातल्या निम्म्या शिक्र्याच्या खात्यात गेल्या तर तो इथं बारमाही राहतो हे कुणाला कळणारच नाही.

आणि एक राग मनापासूनचा. पावशा बाहेर यावा म्हणून मोबाईलवर त्याचाच आवाज लावणं बंद करा. हे त्यांचे विणीचे दिवस आहेत, दुसरा नर हद्दीत आला असं समजून तो घिरट्या घालत राहतो, चारा शोधायचा सोडून. तासभर शांत बसलात तर तो फांदी बदलताना आपसूक दिसतो. शिक्र्याची घरटी पण ह्याच दिवसात असतात, काटक्यांचं कावळ्यासारखं घरटं, त्याच्या खाली स्टँड लावून उभं राहू नका, जागा कुणाला पाठवू नका, फोटोखाली तालुक्याचं नाव लिहिलंत तरी पुरे.