कंपवातातील तोल-प्रशिक्षण

कंपवात (पार्किन्सन्स) झालेल्या व्यक्तीची उभे राहताना, वळताना व चालताना तोल सांभाळण्याची आणि तो गेलाच तर वेळीच पाऊल टाकून सावरण्याची क्षमता टिकावी, यासाठी भौतिकोपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावयाच्या व्यायामांची पद्धत. जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ मध्ये या विकाराचे वर्णन केले, तेव्हाच पुढे झुकलेले शरीर आणि चालता चालता आपोआप पळत सुटण्याची प्रवृत्ती या लक्षणांची नोंद त्याने केली होती.

या विकारात मेंदूतील डोपामिन (हालचालींसाठी लागणारे संदेशवाहक रसायन) तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि एरवी लक्ष न देता होणाऱ्या हालचालींचे आपोआपपण कमी होते. पावले आखूड पडतात, हात हलत नाहीत, वळताना पाय एकमेकांत अडकतात. लेव्होडोपा या औषधाने ताठरपणा व मंदपणा बराच आटोक्यात येतो, परंतु तोलावर त्याचा परिणाम तितकासा होत नाही. व्यायामाचे महत्त्व मुख्यतः यामुळे आहे. आजार किती वाढला आहे हे टप्प्यांत सांगणाऱ्या, १९६७ मध्ये मांडलेल्या होएन-यार श्रेणीत तोल बिघडणे ही तिसऱ्या टप्प्याची खूण मानली जाते. तपासणीत डॉक्टर रुग्णाच्या मागे उभे राहून, आधी कल्पना देऊन, त्याचे खांदे झटकन मागे ओढतात. एकदोन पावलांत तो सावरतो की कोसळू लागतो, हे पाहिले जाते. उठून उभे राहताच रक्तदाब उतरत असल्यास त्यावर स्वतंत्र उपचार करावे लागतात, कारण असे पडणे केवळ व्यायामाने थांबत नाही.

प्रशिक्षणात मुद्दाम लांब पावले टाकणे, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, चारही दिशांना पाऊल टाकणे, खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे आणि जागच्या जागी न वळता मोठा वळसा घेऊन वळणे यांचा सराव असतो. अमेरिकेत १९५ रुग्णांवर झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४ आठवडे ताई-ची (संथ, सलग हालचालींचा चिनी व्यायामप्रकार) केलेल्यांचा तोल, स्नायुबळाचे किंवा ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारलेला आढळला.

पाय जमिनीला खिळल्यासारखे होणे, हे लक्षण दारात, अरुंद जागी आणि वळणावर विशेष जाणवते. कोकणातील जुन्या घरांत ओटीवरून माजघरात शिरताना उंच उंबरा, बुटकी चौकट आणि अंधूक उजेड अशा तिन्ही अडचणी एकत्र येतात. अशा वेळी रुग्णाचा हात धरून ओढणे सर्वांत वाईट. त्याने थांबावे, भार बाजूला न्यावा आणि मगच पाऊल उचलावे, तर सोबत्याने किंचित मागे व बाजूला उभे राहावे. जमिनीवर आखलेल्या आडव्या रेषा ओलांडत चालणे किंवा ठेक्यावर पावले टाकणे अनेकांना सोपे जाते, कारण बाहेरून मिळालेली खूण हरवलेल्या आपोआपपणाची जागा काही प्रमाणात भरून काढते. भजनातील टाळांचा संथ, एकसारखा ठेका या कामी मेट्रोनोमइतकाच (ठरावीक वेगाने ठोके देणारे यंत्र) उपयोगी ठरावा. जाखडी या कोकणातील लोकनृत्याची लय मात्र बहुतेकांना फार जलद पडेल.

सपाट अंगणात अडखळणारा रुग्ण पाखाडीच्या (पायऱ्यांच्या पायवाटेच्या) जांभ्या दगडाच्या पायऱ्या बऱ्यापैकी चढतो, याचे घरच्यांना नवल वाटते, क्वचित ढोंगाचा संशयही येतो. वास्तविक प्रत्येक पायरीची कड हीच डोळ्यांना मिळणारी खूण असते. उतरणे अर्थातच वेगळे, आणि जून ते सप्टेंबर या काळात जांभ्यावर शेवाळ धरल्यावर तर पाखाडी टाळणेच इष्ट. त्या दिवसांत पडवीत कठड्याशी सराव करता येतो. सारवलेली जमीन मात्र पूर्ण वाळलेली असावी, पायात मागे पट्टा असलेली चप्पल असावी आणि न्हाणीघराच्या भिंतीत पकडायला दांडी बसवून घ्यावी.

औषधाचा परिणाम चांगला असतानाची वेळ सरावासाठी निवडतात. चालता चालता बोलणे किंवा हातात कळशी घेणे ही दुहेरी कामे सुरुवातीला वर्ज्य असून, आजार सौम्य असल्यास ती पुढे देखरेखीखाली मुद्दाम शिकवली जातात. सराव थांबल्यावर मिळालेला लाभ ओसरत जातो. त्यामुळे वाडीवरून एसटीने तालुक्याच्या गावी वरचेवर जाणे न जमणाऱ्या रुग्णाला तज्ज्ञाने घरी करण्याजोगे मोजके व्यायाम आखून देणे आणि घरातील एकाला ते सोबत उभे राहून करवून घ्यायला शिकवणे आवश्यक असते.